कुलूप लावलं का, हे दोनदा बघायला जाऊ नये म्हणून

भुसावळला मी मालगाडीवर लोको पायलट होतो. निवृत्तीनंतर एकच खोड लागली: गल्लीच्या टोकाला पोचलो की मागे फिरून कुलूप बघायचं. हिनं एकदा विचारलंच, "अहो, इंजिनात पण असंच करायचात?"

तिथे नाही. सिग्नल दिसला की हात दाखवून त्याचं नाव आणि रंग मोठ्यानं म्हणायचं, "डिस्टंट, डबल यलो!" असिस्टंट तेच परत म्हणणार. जपानी रेल्वेत बोट दाखवून असंच पुकारतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली चाचणी घेतली, तर शंभर कामांमागे चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या.

घरी असं करा. किल्ली फिरवा, कुलूप ओढून बघा, त्याच्याकडे बोट दाखवा आणि मोठ्यानं म्हणा, "कुलूप लागलं, मंगळवार." वार सोडू नका, कालचं कुलूप आणि आजचं कुलूप आठवणीत हुबेहूब सारखंच असतं. मनातल्या मनात म्हटलेलं चालत नाही. शेजारी हसतील, हसू द्या.

यात होतं काय? मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मनाला रंगमंचाची उपमा दिली. अंधारात शेकडो जण आपापलं काम करत असतात; प्रकाशात जे येतं, तेच सगळ्यांना कळतं. ती प्रकाशझोताची जागा म्हणजे जाणीव. सवयीचा हात अंधारातच कुलूप लावतो, बाकीच्यांना पत्ता नसतो. मोठ्यानं बोललं की डोळा, हात, कान सगळ्यांना एकच खबर जाते.

अंधारातले हे कामगार किती तयार असतात, ते मी पाहिलंय. इंजिनात ६० सेकंद कशालाच हात लागला नाही तर दिवा लागतो, मग बझर, मग गाडी स्वतःच ब्रेक लावते. पहाटे तीनच्या सुमाराला माझा हात तो दिवा विझवायचं बटण दाबून मोकळा व्हायचा. मी मात्र कुठेच नसायचो. पुढचा सिग्नल तोंडानं पुकारला की जागेवर यायचो.

पण झोत अरुंद आहे, सगळ्यावर टाकू नका. गॅस, कुलूप, रक्तदाबाची गोळी, बस्स. जिना उतरताना तर मुळीच नको. पावलं मोजायला लागलात की अडखळलात.

आणि दोन-तीन आठवड्यांत हेही पाठ होतं. तोंड बोलतं, डोकं भलतीकडेच. तेव्हा शब्द बदलायचे. माझं सध्या "कुलूप लागलं, डब्यात मेथी" चाललंय.