मृगाआधी बेड भरून घ्या, आणि माती पाणी सोडणारी ठेवा

मंडळी, मे संपत आला. ज्यांना पावसाळ्यात भेंडी, दोडका, काकडी, अळू करायचंय त्यांनी बेड, म्हणजे मातीचे उंच वाफे, आत्ताच भरून घ्या, मृग लागल्यावर चिखलात माती मिसळत बसलं की ती कालवली जाते, मिसळली जात नाही. आत्ता भरली तर दोनतीन वेळा पाणी मारून बसवून घेता येते.

व्हिडिओत बघून बरेच जण अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धं गांडूळखत असं भरतात. उन्हाळ्यात झाडं झकास दिसतात, मान्य. पण आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसतं. जुलैत सलग आठ दिवस झड लागली की तो बेड म्हणजे भिजलेला स्पंज, मुळांना हवाच नाही, रोपं खालून काळी पडून बसतात. इथला बेड आधी पाणी सोडणारा हवा, सकसपणा नंतर घालता येतो.

आता हिशोब. ६ बाय ३ फुटाचा, १ फूट उंचीचा बेड म्हणजे १८ घनफूट. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट माल बसतो, म्हणजे १५ गोण्या, आणि माती बसते म्हणून ३ जास्त धरा. या १८ मध्ये मी ९ गोण्या लाल माती, ४ गोण्या पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, ३ गोण्या भाताचा तूस, १ जाड वाळू आणि १ भिजवलेलं कोकोपीट घेते, वर अर्धा किलो निंबोळी पेंड. तूस मुरबाड-कर्जत बाजूच्या भातगिरणीत मिळतो, जळका मिळाला तर अजून चांगला. वाळू खाडीची अजिबात नको, मीठ असतं तिच्यात. कोकोपीटलाही खारटपणा असू शकतो, म्हणून दोनदा भिजवून पिळून घ्या. शेणखताच्या अजून एकदोन गोण्या बाजूला झाकून ठेवा, कारण सगळं खत आत्ताच घातलं तर त्यातलं नत्र पावसाबरोबर खाली वाहून जातं, तेच गणपती झाले की वरून घातलं तर झाड खातं.

माती घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. दोन वर्षांपूर्वी मी एका डंपरवाल्याकडून स्वस्तात लाल माती घेतली, ती निघाली कुठल्यातरी बिल्डिंगच्या पायाची, मुरूम, सिमेंटची ढेकळं, टाइलचे तुकडे. पहिल्या पावसानंतर ऊन पडलं आणि वरचा थर असा कडक झाला की खुरपं आपटलं तर टण् आवाज यायचा, भेंडीचं बी खालीच कुजलं. आता मी गाडी रिकामी करायच्या आधी मूठभर माती ओली करून दाबून बघते. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचलं की भुगा झाला पाहिजे. नुसताच चिकट गोळा राहिला तर चिकणमाती जास्त, गोळाच झाला नाही तर मुरूम. नवी मुंबईत खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी प्लॉटमधलीच माती उचलायची असेल तर ती वाळल्यावर वर मिठाची पांढरी पूड दिसते का बघा, दिसली तर ती माती घेऊच नका. आणि येऊरच्या जंगलातून पालापाचोळ्याची माती गोणीत भरून आणू नका प्लीज, ते नॅशनल पार्क आहे, त्या झाडांना ती लागते. सोसायटीचा झाडलेला पाला वर्षभर कुजवला तरी पुरेसं होतं.

शेणखत काळं, भुसभुशीत आणि वास न येणारं हवं. ताजं शेण घातलं तर रोपं करपतात आणि हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या त्यातूनच येतात. चाळताना दिसल्या तर वेचून काढा.

तळाला विटांचे तुकडे, खडी घालायची काही गरज नाही. निचरा सुधारतो असं वाटतं, पण बारीक मातीतलं पाणी खडीच्या थरावर येऊन अडतं, उलट मुळांजवळच ओल राहते. जमिनीवरचा बेड तळाला उघडा ठेवा आणि खालची जमीन टिकावाने वीतभर सैल करा, बास.

गच्चीवाल्यांनो, तुमचं वेगळं. एक फूट ओली माती म्हणजे चौरस मीटरला ४०० किलोच्या वर वजन, आणि वापरत्या गच्चीला डिझाइनमध्ये साधारण १५० किलो धरलेले असतात. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हा मिक्स गच्चीवर नको, पालेभाज्यांना ६ ते ८ इंच पुरतात, तेवढ्याच उंचीचे हलके बेड करा आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

भरून झालं की वर दोन इंच सुका पाला पसरा, नाहीतर पहिल्या सरीचा मार बसून माती थापली जाते. बी टाकायच्या आदल्या दिवशी पाला बाजूला करून एक बादली पाणी एकाच जागी ओता. दहापंधरा मिनिटांत मुरलं तर ठीक, अर्ध्या तासानेही तळं दिसत असेल तर दोन घमेली तूस अजून मिसळा आणि परत ओतून बघा.