हेलेजचे लहान गठ्ठे घरच्या गोठ्यासाठी कसे बांधावेत

फेब्रुवारी-मार्चमध्ये बरसीम आणि ओट ही हिरव्या चाऱ्याची पिके वावरात भरपूर असतात, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागला की त्याच गोठ्यात कुटार (वाळलेला भुसा) आणि ढेप (पेंड) यांखेरीज फारसे काही उरत नाही, ही नागपूर जिल्ह्यात दुभती जनावरे पाळणाऱ्यांची दरवर्षीची अडचण आहे. बरसीम पूर्ण वाळवावे तर पाने, म्हणजे त्यातला सर्वांत कसदार भाग, गळून वावरातच राहतात. ओलेच खड्ड्यात दाबावे तर ८० टक्क्यांहून अधिक पाणी आणि कमी साखर असलेले हे पीक नीट मुरत नाही, कुजते. म्हणून चारा अर्धवट सुकवावा, घट्ट दाबावा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हवाबंद ठेवावा. यालाच हेलेज म्हणतात.

मुरघास (ओला चारा हवाबंद दाबून आंबवलेला, म्हणजे सायलेज) आणि हेलेज यांतला एक फरक आधी समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सारी काळजी त्यातूनच येते. मक्याच्या मुरघासात आम्ल भरपूर तयार होते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; जितका कमी तितके आम्ल जास्त) ४ च्या आसपास उतरतो आणि ते आम्लच चारा टिकवते. हेलेजमध्ये पाणी कमी असल्याने आंबण्याची क्रिया मंद चालते व सामू बहुधा ५ च्या जवळपासच राहतो. आम्लाचा आधार असा तोकडा असल्यामुळे हेलेज टिकते ते मुख्यतः हवा आत न गेल्यामुळे.

कापणी फुलोरा नुकताच सुरू होताना करावी. त्याआधी काही दिवस पाणी तोडावे, म्हणजे काळी माती कोरडी राहते आणि चाऱ्याला चिकटत नाही. विळा जमिनीपासून चार बोटे वर चालवावा. मातीबरोबर नको असलेले जिवाणू गठ्ठ्यात जातात. सकाळी दव उडाल्यावर कापलेला चारा पातळ पसरावा आणि दुपारी एकदा हलक्या हाताने उलटावा. मार्चच्या उन्हात तो अपेक्षेपेक्षा लवकर सुकतो, त्यामुळे त्या दिवशी वावर सोडून जाऊ नये.

ओलावा ४० ते ५५ टक्के असावा. तो हाताच्या अंदाजावर न सोडता मी तागडीने पाहतो. कापल्याबरोबर १० किलो चारा मोजून एका ताडपत्रीवर बाकीच्या चाऱ्याइतकाच पातळ पसरतो. हिरव्या चाऱ्यात ८० टक्के पाणी धरले तर त्यात कोरडा भाग २ किलो असतो. म्हणून वजन ४ किलोवर आले की ओलावा ५० टक्क्यांवर आला असे समजावे. पिळून पाहिल्यास मूठ ओली होत नाही, देठ वाकतो पण कट्कन मोडत नाही. पाने चुरगळू लागली असतील तर उशीर झाला. तो चारा वाळलेले गवत म्हणूनच ठेवावा.

दाबण्यासाठी आतून ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच अशी मजबूत लाकडी पेटी सुताराकडून करून घ्यावी, तिची एक बाजू बिजागरीवर उघडणारी असावी आणि वरून दाब देण्यासाठी लांब दांड्याची फळी असावी. पेटीत आधी दोन सुतळ्या आडव्या घालाव्यात, मग चारा थोडा थोडा टाकून प्रत्येक थर दाबावा, विशेषतः कोपऱ्यांत, कारण पोकळी तिथेच राहते. नीट दाबलेला गठ्ठा ३० ते ३५ किलो भरतो. वजन पंचवीसच्या खाली आले तर तो सोडून पुन्हा बांधावा.

गुंडाळणे त्याच दिवशी उरकावे. बाजारातली सामान पॅक करण्याची साधी फिल्म आपल्या उन्हात तडकते, म्हणून उन्हाला टिकणारी, २५ मायक्रॉनची चाऱ्यासाठीचीच स्ट्रेच फिल्म घ्यावी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत फिल्म ताणून गुंडाळावी, मग गठ्ठा आडवा फिरवून टोके झाकावीत; सर्वत्र किमान सहा आणि लसूणघासासारखे टणक देठ असल्यास आठ थर पडले पाहिजेत.

गुंडाळल्यावर लगेच गठ्ठे सावलीत, खडे नसलेल्या सपाट जागी, एकाच थरात रचावेत आणि पुढचे चार ते सहा आठवडे हलवू नयेत. माझ्या गोठ्यात एका गठ्ठ्याला उंदराने करंगळी जाईल एवढे भोक पाडले होते. उघडल्यावर त्या भोकाभोवती ताटाएवढा भाग पांढऱ्या बुरशीने जाळीसारखा विणलेला निघाला आणि आत हात घातला तर तो गरम लागला. तेव्हापासून दर आठवड्याला प्रत्येक गठ्ठ्यावरून हात फिरवतो आणि छिद्र दिसताच पुसून सायलेजची टेप लावतो. बुरशीचा चारा गाभण गाईला तर अजिबात देऊ नये. गठ्ठ्यात मेलेला उंदीर वा साप सापडला तर, विषबाधेचा धोका असल्याने, तो सगळाच गठ्ठा खोल पुरावा.

चांगले हेलेज हिरवट-तपकिरी दिसते आणि त्याला गोडसर आंबूस वास येतो. गाईला सुरुवातीला २ किलो देऊन आठवडाभरात १० किलोपर्यंत वाढवावे. सोबत कुटार व ढेप चालू ठेवावी. तीन गाईंना एक गठ्ठा दिवसभरात संपतो आणि लहान गठ्ठ्यांचा खरा फायदा हाच, कारण एप्रिल-मेच्या उष्म्यात उघडलेले हेलेज दुसऱ्या दिवशीच तापू लागते. उघडताना फिल्म एका बाजूने सरळ कापावी, दोन्ही सुतळ्या मोजून खिशात घालाव्यात आणि मगच चारा गव्हाणीत टाकावा.