मेंदूच्या आवरणातल्या नर्व्ह्ज मायक्रोस्कोपखाली कशा बघायच्या

अर्धशिशीत डोकं ठणकतं पण मेंदू स्वतः दुखत नाही, दुखतं ते त्याच्यावरचं जाड आवरण, म्हणजे ड्युरा. 1940 मध्ये रे आणि वुल्फ या दोघांनी ऑपरेशन चालू असताना जाग्या पेशंटमध्ये हे तपासलं होतं, ड्युरातल्या मोठ्या रक्तवाहिन्या नि सायनस (नाकातले नव्हेत, ड्युरातल्या शिरांच्या रुंद वाटा) ओढले की दुखायचं, मेंदूच्या पृष्ठभागाला हात लावला तर बहुतेक ठिकाणी काहीच नाही. ज्या नर्व्ह्जमुळे हे होतं त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात असं मला मनापासून वाटतं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा गोव्यात कुठेही बायोलॉजी करणाऱ्यांनी एकदा तरी करून बघाच.

सरावाला बकऱ्याचा ड्युरा चालतो. म्हापशाच्या बाजारात खाटकाला आधीच सांगून ठेवा की मुंडी न फोडता अख्खी हवी. कवटी लॅबमध्ये बारीक करवतीने कापा आणि ताजा ड्युरा लगेच ओढत बसू नका, हाडाला घट्ट चिकटलेला असतो त्यामुळे फाटतो. आधी हाडासकट 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये एक-दोन दिवस ठेवा, मग बोथट चिमट्याने हळूहळू सोडवा, कवटीच्या हाडांच्या सांध्यांच्या जागी जास्तच जपून. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत जातो तेव्हा खिडकी उघडी नि ग्लोव्हज हवेतच. सोडवलेला तुकडा मेणाच्या ट्रेवर पिना लावून सपाट ताणून ठेवा.

इथे माझं ठाम मत आहे, पहिल्यांदा सेक्शन (पातळ काप) करू नका, अख्खा पडदा रंगवा. सेक्शनमध्ये नर्व्ह आडवी कापली गेली की फक्त एक ठिपका दिसतो, ती कुठून आली, कुठे फाटे फुटले काही कळत नाही. अख्ख्या तुकड्यातल्या नर्व्ह्ज रंगवायची सिहलरची पद्धत घ्या: 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकून रंग उडवायचा, मग ग्लिसरीन, क्लोरल हायड्रेट आणि अॅसेटिक अॅसिडचं मिश्रण, मग एर्लिखचं हिमॅटॉक्सिलिन ग्लिसरीन नि क्लोरल हायड्रेटबरोबर, मग जास्तीचा रंग परत त्या आधीच्या मिश्रणात काढायचा, लिथियम कार्बोनेटच्या हलक्या सोल्यूशनमध्ये धुवायचं आणि शेवटी ग्लिसरीन. वेळ लागतो, रोज बघत राहा, पोटॅशच्या भांड्यात पडदा लिबलिबीत व्हायला लागला की लगेच बाहेर.

आता कमी पॉवरवर रक्तवाहिन्या आधी शोधा. जाड नर्व्ह बहुधा त्यांच्या कडेने जाते, पण काही फाटे वाहिनी सोडून कोलॅजनमध्ये, म्हणजे ड्युराच्या चिवट तंतूंमध्ये, शिरतात तेच बघण्यासारखे. माणसात यातल्या बऱ्याचशा ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नर्व्हच्या तिन्ही शाखांमधून येतात, मागच्या भागात मानेतल्या वरच्या नर्व्ह्जमधून. एक लक्षात असू द्या, सिहलरचा रंग मायलिनला, म्हणजे नर्व्ह फायबरवरच्या चरबीयुक्त वेष्टनाला, धरतो, त्यामुळे मायलिन नसलेले बारीक सी फायबर यात दिसणार नाहीत, आणि अर्धशिशीत सीजीआरपी हे दुखण्याशी जोडलेलं पेप्टाइड सोडतात ते मुख्यतः हेच. त्यांच्यासाठी सीजीआरपीची अँटिबॉडी लावून इम्युनो (अँटिबॉडीने रंगवणं) करावं लागतं, तेही फॉर्मॅलिनमध्ये महिनोन्महिने पडलेल्या तुकड्यावर नीट होत नाही.

सेक्शन नंतर करा. एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन नि इओसिन) या नेहमीच्या रंगात नवशिक्याला कोलॅजन नि नर्व्ह दोन्ही गुलाबीच वाटतात, फरक असा की नर्व्हच्या भोवती पेरिन्युरियमची, म्हणजे तिच्या वेष्टनाची, पातळ कड असते आणि आत नागमोडी बारीक न्यूक्लियस दाटीने असतात, कोलॅजनमध्ये न्यूक्लियस विरळ. शंका असेल तर मॅसन ट्रायक्रोम हा रंग करा, कोलॅजन निळं होतं नि प्रश्न सुटतो, एस-100 ची अँटिबॉडी मिळत असेल तर उत्तमच कारण नर्व्ह फायबरला वेढणारे श्वान सेल रंगतात. टोल्युइडिन ब्लूने वाहिन्यांच्या आसपास जांभळे मास्ट सेलही (हिस्टामिन साठवणाऱ्या पेशी) दिसतात, ते नर्व्हच्या किती जवळ बसलेले असतात ते नक्की बघा.

पावसाळ्यात आपल्याकडे एक वेगळीच भानगड. हवेतला ओलावा अॅब्सोल्यूट अल्कोहोल शोषून घेतं, मग झायलीनमध्ये स्लाइड गेली की दुधाळ होते. असं झालं की डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं माध्यम) लावू नका, ताज्या अल्कोहोलमध्ये परत न्या नि बाटलीचं बूच घट्ट ठेवा. तयार स्लाइड्स सिलिका जेल टाकलेल्या डब्यात, नाहीतर जुलै संपेपर्यंत बुरशी धरते.