मृगाच्या आधी एकदा घरामागचा ओहोळ चढून या

महाड, पोलादपूर, पाटण, आंबेगाव, ज्यांची शेती आणि घर डोंगराच्या कुशीत आहे त्यांच्यासाठी दरडीच्या धोक्याबद्दल हे लिहितोय. राब भाजणी, पेरणीच्या गडबडीत हे काम राहून जातं आणि एकदा पाऊस लागला की वर चढताच येत नाही.

माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. दरडी कोसळल्याच्या या तारखा बघा, सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या, कारण तोवर दीड महिना पाणी पिऊन डोंगर फुगलेला असतो, त्यात दोन दिवस झोडपलं की माती, धोंडे, झाडं सगळं कालवून एकच लोंढा खाली येतो.

पहिलं काम म्हणजे पाण्याला वाट द्या. पाणी अडवा पाणी जिरवा हे माळावर ठीक, पण घराच्या डोक्यावरच्या खड्या उतारावर पाणी जिरवायचं नाही, तिथले जुने चर तुंबले असतील तर तोंड फोडून पाणी बाजूच्या कातळावर काढून द्या. जमिनीला आडवी भेग दिसली तर चिकणमाती ठासून वर ताडपत्री टाका आणि तलाठ्याला लगेच फोटो पाठवा. वर जेसीबी लावून नवीन खाचरं तर अजिबात पाडू नका.

ओहोळात पडलेली झाडं, फांद्या, मोरीत अडकलेला पाला काढा, कारण तिथेच पाणी तुंबतं आणि मग फुटतं. लहान घळीत पाण्याचा जोर मोडायला तिथलेच दगड रचून अनघड बांध घालता येतो, खर्च फक्त मजुरीचा. उंची कमरेच्या खालीच ठेवा, मोठे दगड पायात, दोन्ही टोकं काठात नीट घुसवा आणि मधला भाग हातभर खोलगट ठेवा, नाहीतर पाणी कडेने घुसून काठच खाऊन टाकतं. एकच उंच बांध घालण्यापेक्षा छोटे चार बरे.

बांधाच्या कडेला वाळ्याचे ठोंब उताराला आडवे, वीतभर अंतरावर लावा, पाऊस सुरू झाला की लगेच. मुळं दोनतीन वर्षांत खोल जातात आणि वरची माती धरून ठेवतात. पण खरं सांगतो, अख्खा कडा सुटला तर वाळाही थांबवणार नाही आणि बांधही नाही, तेव्हा पळणं हाच उपाय.

म्हणून अंगणात उघड्यावर एक सरळ भिंतीचा डबा ठेवा, रोज सकाळी पट्टीने मोजून ओतून टाका. २४ तासात २० सेंटिमीटरच्या वर गेलं तर तो अत्यंत मुसळधार, त्या रात्री पोरंबाळं, म्हातारी माणसं आणि गुरं घेऊन दुसरीकडे झोपायला जा. डबा कमी दाखवत असला तरी भरल्या पावसात ओहोळ अचानक आटला, पाणी एकदम गढूळ झालं, दारं घट्ट बसायला लागली, खांब कलले किंवा वरून गडगड ऐकू आली तर सामान गोळा करू नका. ओहोळाच्या वाटेने खाली धावायचं नाही, आडवं, बाजूच्या उंचवट्याकडे पळायचं. ती जागा आत्ताच ठरवा आणि पोरांना एकदा चालवत नेऊन दाखवा.