या चुका टाळा: जुन्या अमेरिकन नामवंतांची सहीची पत्रे जमवताना

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतील अमेरिकन राष्ट्राध्यक्ष, संशोधक, लेखक आणि समाजसुधारक यांची सही असलेली पत्रे आजही लिलावांत आणि विक्रेत्यांच्या याद्यांत नियमितपणे येत असतात, कारण ही मंडळी पत्रे लिहिण्यात हात आखडता घेणारी नव्हती. एकट्या राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आयुष्यभरात सुमारे दीड लाख पत्रे लिहिली असे मानले जाते. एवढा पसारा एका माणसाच्या लेखणीने उरकत नाही. त्यामागे लघुलेखक, टंकलेखक, खासगी सचिव, छापील कागद, नकला ठेवायच्या वह्या आणि रबरी शिक्के यांची एक पूर्ण कचेरी असते. नवे संग्राहक ज्या चुका करतात त्यांतील बहुतेक या कचेरीचा विसर पडल्याने होतात. ते सहीवर भिंग धरतात आणि सहीच्या वरचे पान वाचायचे राहून जाते.

सही कोणाच्या हातची?

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जुना कागद, जुने लेटरहेड आणि शाईची सही एवढे जुळले की पत्र अस्सल समजणे. कागद खरा असू शकतो, पत्र त्याच कचेरीतून त्याच तारखेला निघालेले असू शकते, आणि तरीही सही त्या माणसाची नसू शकते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वॉरन हार्डिंग सेनेटर असतानाच्या पत्रांवर सचिवांनी त्यांच्या नावाने केलेल्या सह्या इतक्या आढळतात की त्या काळातील त्यांचे किरकोळ पत्र निःसंशय नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊच नये. यात कोणाचा फसवण्याचा हेतू नव्हता. टपालाचा ढीग उपसायचा होता, एवढेच. मात्र शंभर वर्षांनी तीच सही मूळ सहीच्या भावाने विकली जाते, तेव्हा नुकसान खरेदीदाराचे होते.

सचिवाने स्वतःच्या नावाने सही केलेली पत्रे वेगळी. रूझवेल्ट यांचे सचिव विल्यम लोब, राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे जोसेफ टमल्टी आणि निवृत्तीनंतर विल्सन यांचा पत्रव्यवहार सांभाळणारे त्यांचे मेहुणे जॉन रँडॉल्फ बोलिंग यांच्या सह्यांची पत्रे पुष्कळ आहेत. विक्रेता यादीत ठळक अक्षरांत ‘व्हाइट हाउसचे पत्र’ असे लिहितो आणि सही कोणाची हे खाली बारीक अक्षरांत सांगतो. वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, हा सल्ला शाळकरी वाटेल, पण गरज त्याचीच असते. मार्क ट्वेन यांच्याबाबत आणखी एक गुंता आहे: ते सॅम्युएल क्लेमेन्स हे खरे नाव आणि मार्क ट्वेन हे टोपणनाव अशा दोन्ही नावांनी सही करीत, आणि उत्तरायुष्यातील काही पत्रांचा मजकूर त्यांच्या सचिव इझाबेल लायन यांच्या हातचा असतो. संपूर्ण पत्र हाताने लिहिलेले दिसले, तरी ते ट्वेन यांनीच लिहिले असे गृहीत धरता येत नाही.

छापील प्रतिकृतींनी तर अनुभवी लोकही फसतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना एप्रिल १९१८ची तारीख आणि विंडसर कॅसलचा मथळा असलेले, राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ताक्षरातील स्वागतपत्र वाटले गेले. ते शिळाछापावर मोठ्या संख्येने छापलेले होते, पण अनेक अमेरिकन घरांत आजोबांना राजाने लिहिलेले खासगी पत्र म्हणून आजही ते जपलेले सापडते. दहा पट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग घेऊन पाहिले की फरक कळतो: लेखणीच्या रेघेत शाई कुठे दाट, कुठे विरळ असते आणि दोन रेघा एकमेकींवरून जातात तिथे ती गडद होते, छपाईत सगळीकडे एकच सपाट रंग दिसतो, आणि आजच्या प्रिंटरवरून काढलेली नक्कल असेल तर रंगीत ठिपके दिसतात. सही करणाऱ्या यंत्राची भीती मात्र या काळापुरती बाळगायचे कारण नाही, कारण ऑटोपेन नावाचे यंत्र सर्रास मिळू लागले ते १९४०च्या दशकात.

हाताने लिहिलेलेच हवे, हा हट्ट

आपल्याकडे टंकलिखित पत्र म्हणजे सरकारी कागद अशी समजूत असल्याने पुष्कळ जण केवळ स्वहस्ते लिहिलेल्या पत्रांच्या मागे लागतात. या काळापुरती ही दृष्टी चुकीची आहे. राष्ट्राध्यक्षपदावर असतानाची रूझवेल्ट यांची पत्रे बहुतांश टंकलिखित आहेत, पण टंकलेखकाने समोर ठेवलेल्या पत्रावर ते पुन्हा पेन चालवीत: एखादा शब्द खोडून वर दुसरा घालायचा, समासात एक वाक्य वाढवायचे, कधी शेवटी ता.क. जोडायचा. अशा दुरुस्त्यांमुळे पत्राची किंमत वाढते आणि खरेपणाला पुरावाही मिळतो, कारण सही गिरवणे सोपे असले तरी चालू मजकुरात अर्थाला धरून केलेली दुरुस्ती त्या हाताच्या वळणात वठवणे अवघड असते. उलट, त्यांच्या अध्यक्षीय काळातील संपूर्ण हस्तलिखित पत्र स्वस्तात मिळत असेल तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

टॉमस एडिसन यांची पद्धत निराळी होती. आलेल्या पत्राच्या कोपऱ्यात किंवा माथ्यावर ते पेन्सिलीने चार शब्दांत उत्तर लिहीत आणि त्यावरून सचिव पत्र तयार करी. असे पेन्सिलीचे टिपण असलेले दुसऱ्याचे पत्र, ज्यावर एडिसन यांची सहीही नसेल, ते मला एखाद्या आभारपत्रावरील सुबक सहीपेक्षा अधिक बोलके वाटते. त्यांच्या सहीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे: नावावर छत्रीसारखी पसरलेली आडवी रेघ असलेली ती सही त्यांच्या फोनोग्राफवर आणि तबकड्यांवर व्यापारचिन्ह म्हणून छापली जात असे, म्हणून नकलाकाराला तयार कित्ता मिळतो. कोणत्याही माणसाच्या दोन सह्या तंतोतंत सारख्या नसतात. समोरची सही छापील नमुन्यावर ठेवली असता रेघेला रेघ जुळली तर ती गिरवलेली आहे असे समजावे.

तारीख आणि कागद यांचा मेळ

पत्रावरची तारीख, मथळा, पत्ता, टंकयंत्राचे अक्षर आणि शाई या पाच गोष्टी एकमेकींशी जुळतात की नाही हे न तपासणे ही पुढची चूक. या तपासणीला खर्च नाही, फक्त चिकाटी लागते. ‘व्हाइट हाउस’ हे नाव अधिकृत कागदपत्रांवर आणले ते रूझवेल्ट यांनी १९०१ साली. त्याआधीच्या कागदांवर ‘एक्झिक्युटिव्ह मॅन्शन’ असे छापलेले असे. १९०९ साली पद सोडल्यावर रूझवेल्ट ‘आउटलुक’ या नियतकालिकात काम करू लागले आणि पुढची काही वर्षे त्यांची पत्रे त्या मथळ्याखाली निघाली. विल्यम टाफ्ट १९०९ ते १९१३ राष्ट्राध्यक्ष, मग येल विद्यापीठात प्राध्यापक आणि १९२१ ते १९३० सरन्यायाधीश होते, त्यामुळे त्यांच्या कागदाचा मथळा तारखेशी फटकून असेल तर ते लगेच उमगते. राइट बंधूंपैकी विल्बर १९१२ साली वारले आणि ऑर्व्हिल १९४८पर्यंत जगले, हे माहीत नसलेला नकलाकार १९२०च्या दशकातील कागदावर विल्बर यांची सही करून मोकळा होतो.

अमेरिकेत बॉलपेन विकायला आले ऑक्टोबर १९४५ मध्ये, आणि पिनकोडसारखी झिप कोडची पद्धत सुरू झाली जुलै १९६३ मध्ये. टंकयंत्रांवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळण्याची रीत ४०च्या दशकापर्यंत जवळजवळ सार्वत्रिक होती, म्हणून ‘आय’ला कमी आणि ‘एम’ला जास्त जागा दिलेले १९०५ सालचे पत्र दिसल्यास पुढे पाहायची गरज नाही. कागदाचीही साधी परीक्षा आहे. सुमारे १९५० नंतर कागद उजळ दिसावा म्हणून त्यात घालू लागलेली रसायने अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. त्याआधीचा कागद मंद राहतो. मंद राहिला म्हणून पत्र खरे ठरत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे, कारण जुना कोरा कागद मिळवणे कठीण नाही. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ली इझ्रायल या लेखिकेने डोरोथी पार्कर, एडना फर्बर आदी नामवंतांची शेकडो पत्रे रचून विकली ती जुनी टंकयंत्रे आणि जुना कागद वापरूनच. १९९३ साली तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

जुन्या कागदावर नव्याने लिहिले की शाई काय करते, हे एकदा डोळ्यांनी पाहून ठेवण्यासारखे आहे. कागदाला दिलेली खळ शंभर वर्षांत क्षीण झालेली असते, त्यामुळे शाई फुटते, रेघेच्या कडांना बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. घडीवरून गेलेली रेघ विशेष तपासावी. पत्र आधी लिहिले आणि नंतर दुमडले असेल तर घडीवर शाई झिजून तुटलेली दिसते. आधी दुमडलेल्या कागदावर मागाहून लिहिले असेल तर घडीच्या मोकळ्या झालेल्या तंतूंत शाई उतरून दोन्ही बाजूंना पसरते. सहीची रेघ घडीवर आलेली असेल तर मी आधी तीच जागा पाहतो, नाव नंतर.

याच ठिकाणी उलटी चूकही होते, ती म्हणजे अस्सल पत्र नाकारण्याची. सही किंवा टंकलेखन किंचित पुसट, पाण्याचा हात लागल्यासारखे दिसले की लोक बिचकतात. त्या काळात पत्राची नक्कल ठेवण्यासाठी ते ओलसर पातळ कागदाच्या वहीत घालून दाबयंत्रात दाबत, आणि त्यासाठी पाण्यात विरघळणारी शाई मुद्दाम वापरत; त्या दाबाचे ते डाग असतात. थरथरत्या सहीचेही तसेच. संथ, भीत भीत ओढलेली रेघ ही बनावट सहीची खूण खरीच, पण वुड्रो विल्सन यांना ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतरची त्यांची सही बिघडलेलीच असते, आणि १९२० सालच्या पत्रावर त्यांची घोटीव, ओघवती सही दिसली तरच थांबावे.

नक्कल कुठे आहे ते पाहा

कचेरीने ठेवलेल्या नकला हा संग्राहकाचा सर्वांत मोठा आधार आहे आणि त्याचा उपयोग फार थोडे जण करतात. रूझवेल्ट, टाफ्ट, विल्सन आणि कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांतला मोठा भाग घरबसल्या विनामूल्य पाहता येतो. विकाऊ पत्राची तारीख आणि मायना घेऊन त्या दिवशीच्या नकलेत ते सापडते का पाहावे. सापडले तर मजकूर शब्दशः ताडावा. न सापडल्यास निष्कर्षाची घाई करू नये, कारण हाताने लिहिलेल्या खासगी पत्रांची नक्कल बहुधा ठेवली जात नसे. एडिसन यांच्या कागदांचा प्रकल्प रटगर्स विद्यापीठात आहे. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील संग्रहात आहे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली त्यांना पाठवलेले पत्र व ड्यू बॉइस यांचे ३१ जुलै १९४६चे उत्तर त्याच संग्रहात पाहायला मिळते. ड्यू बॉइस यांची सही ओळखायला शिकायचे असेल तर मराठी वाचकाने सुरुवात इथून करावी.

प्रमाणपत्र आणि मालकीचा माग

पत्रासोबत आलेल्या सोनेरी कडेच्या प्रमाणपत्राला ते देणाऱ्याइतकीच किंमत असते. अनेकदा विक्रेत्याने स्वतःच छापलेले असते. विचारायचे ते हे: पत्र कोणाला लिहिले होते, तिथून कोणाकडे गेले, आधी कोणत्या लिलावात आले होते, आणि खोटे ठरल्यास पैसे किती काळापर्यंत परत मिळतील. हे लेखी घ्यावे. नामांकित लिलावगृहही चुकते: मार्क हॉफमन या नकलाकाराने कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या नावाने रचलेली कविता १९९७ साली सदबीजच्या लिलावातून विकली गेली होती, आणि नंतर ती बनावट ठरली.

अस्सल पत्र चोरीचेही असू शकते. बॅरी लँडाऊ या संग्राहकाला अभिलेखागारांतून ऐतिहासिक कागद चोरल्याबद्दल २०१२ साली सात वर्षांची शिक्षा झाली. म्हणून कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले क्रमांक, खरवडलेला शिक्का, पात्याने सरळ कापलेली एखादी कडा दिसली तर खुलासा मागावा. चोरीचा माल मूळ संस्थेकडे परत जातो आणि आपले पैसे बुडतात.

घरी आणल्यावर

लॅमिनेशन करू नये. चिकटपट्टी, टाचण्या, चिकट पानांचे फोटो अल्बम आणि पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत. पॉलिएस्टरच्या निर्मळ पाकिटात, आम्लरहित कागदाच्या आधारासह पत्र सपाट ठेवावे. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशी आणि कसर यांचा धोका खरा असतो. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवून त्या वेळोवेळी वाळवाव्यात, आणि डांबरगोळ्या कागदाला लागतील अशा ठेवू नयेत. डाग पडला तरी ओल्या बोळ्याने पुसायला जाऊ नये, कारण वर सांगितलेली नक्कलशाई पाण्याने लगेच पसरते. लिफाफा टाकू नये. टपालाचा शिक्का हा तारखेचा स्वतंत्र साक्षीदार आहे.

मालकीच्या मर्यादा

पत्र विकत घेतले म्हणजे त्यातील मजकूर छापण्याचा हक्कही मिळतो, असे नाही. अमेरिकेत अप्रकाशित पत्राचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो, त्यामुळे १९१९ साली वारलेल्या रूझवेल्ट यांचे पत्र खुशाल छापता येईल, पण १९६८ साली वारलेल्या हेलन केलर यांचे अप्रकाशित पत्र २०३८ संपेपर्यंत परवानगीशिवाय छापता येणार नाही. दुसरी अडचण भारतीय संग्राहकाची आहे. आपल्या १९७२च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक किंवा साहित्यिक मूल्य असलेला ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज पुरावशेषाच्या व्याख्येत बसतो, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातून मागवलेले पत्र पुढे परदेशी लिलावात विकण्याचा विचार असेल तर खरेदीची पावती, सीमाशुल्काचे कागद आणि पाकिटासकट सगळी नोंद जपून ठेवावी, आणि पत्र टपालात टाकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात चौकशी करावी.