४,२९,४९,६७,२९७ चे अवयव पाडताना या चुका टाळा

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दिसायला अगदी मूळ संख्या. सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फेर्मालाही तसंच वाटलं होतं. २ चा ३२ वा घात अधिक १ असं तिचं रूप, आणि याच मालिकेतल्या (२ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट होत जातो, त्यात १ मिळवायचा) आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही मूळ. मग सहावीही मूळच, असा त्याचा होरा. १७३२ साली स्विस गणिती ऑयलरने तिला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवून दिलं. पाच उदाहरणं जुळली की नियम सापडला असं मानू नका. इथे तर फेर्माच फसला.

दुसरी चूक आपली नेहमीची. एककस्थानी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. पुढे ७, ११, १३ करून पाहिले की हात टेकायचे आणि ‘मूळ’ म्हणून मोकळं व्हायचं. खरं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत जायला हवं. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. पण एवढे भागाकार करायची गरज नाही. इथला कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी थेट ६४१!

आता स्वल्पविरामाची गंमत. ७, ११, १३ साठी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करतात. आपले स्वल्पविराम पहिल्या तिनानंतर दोन-दोन अंकांवर पडतात, आणि घाईत तेच गट उचलले जातात. १,००,१०० घ्या. तसे गट धरले तर १०० − ० + १ = १०१, म्हणजे ७ ने भाग जात नाही. पण १०० − १०० = ०, आणि ७ × १४,३०० = १,००,१००. आधी स्वल्पविराम खोडा, मग गट पाडा. आपल्या संख्येत २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०; तिघांनीही भाग जात नाही.

६४१ × ६७,००,४१७ हा गुणाकार नवाच्या ताळ्याने (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज) जुळतो: २ × ७ = १४, म्हणजे ५; उत्तराच्या अंकांचेही ५. पण शेवटी २९७ ऐवजी २७९ लिहिलंत तरी ताळा जुळेलच. ११ चाही ताळा करा (उजवीकडून एकेक अंक आळीपाळीने अधिक-वजा), ती चूक तिथे सापडते.

संगणकावर ३२ बिटांच्या खणात (३२ द्विमान अंकांची जागा, त्यात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मावतं) ही संख्या ठेवली तर उरतो नुसता १. एक्सेलमध्ये तिचा वर्ग केला तर शेवटी पाच शून्यं दिसतील, वास्तविक एकक ९ हवा. पंधरा अंकांपुढे एक्सेल हात वर करतं.

आणि मोठी संख्या म्हणजे विभाजकही ढीगभर, असं नाही. हिचे फक्त चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. एकाने लहान असलेल्या ४,२९,४९,६७,२९६ चे मात्र तेहतीस.