शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे खात्यात कसे आणायचे?

दर जुलैमध्ये मला एकच प्रश्न येतो, "ताई, मला कोणती शिष्यवृत्ती बसेल?" मार्च उजाडला की तीच मुलं पुन्हा येतात, "ताई, अर्ज मंजूर दाखवतोय, पण पैसे काही आले नाहीत." पहिल्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत देता येतं. दुसऱ्यापायी मुलांची अख्खी वर्षं जातात. माझंही गेलं होतं. म्हणून 'या शंभर शिष्यवृत्त्या तुम्हाला माहीत आहेत का' छापाच्या याद्या पाहिल्या की मला राग येतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना शंभर योजना लागत नाहीत. आपल्याला लागू होणारी एक ओळखायची आणि तिचे पैसे खात्यात उतरेपर्यंत तिची पाठ सोडायची नाही, एवढंच काम आहे.

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी लागणारी जात पडताळणी तुमच्या हातात आहे, असं धरून पुढे लिहिते.

पायरी १ : आपली योजना ओळखा

राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये आहे. फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. बी.ए., बी.एस्सी.सारख्या साध्या पदवीला वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,००० आणि घरून येणाऱ्याला ३,००० रुपये मिळतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे दर याहून जास्त आहेत. वडिलांची नोकरी आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या वर जातं, म्हणून अर्जच न भरलेली मुलं मी दरवर्षी पाहते. त्यांच्यासाठी त्याच पोर्टलवर फ्रीशिप आहे. तिच्यात भत्ता मिळत नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भरलं जातं. ही चूक करू नका.

खुल्या प्रवर्गातल्या आणि मराठा समाजातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. तिच्यात निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क मिळतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून झालेला असावा लागतो, म्हणून अलॉटमेंट लेटर जपून ठेवा. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्याऐवजी पूर्ण शुल्कमाफी मिळते. 'मुलींचं शिक्षण मोफत झालंय, आता अर्ज कशाला' असं ऐकून घरी बसू नका. ही माफीसुद्धा महाडीबीटीवर अर्ज भरल्यावरच मिळते, आणि दरवर्षी भरल्यावर.

राहण्या-जेवणाच्या खर्चाच्या योजना वेगळ्या आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आणि शाहू महाराज योजनेतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. महाडीबीटीवर फीचा अर्ज भरला म्हणजे स्वाधारही भरलं असं होत नाही. तो अर्ज स्वतंत्र आहे.

पायरी २ : उत्पन्नाचा दाखला

तलाठ्याचा दाखला चालत नाही, तहसीलदारांचा लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे बारावीच्या सुट्टीत एप्रिल-मेमध्येच नव्या वर्षाचा काढा. जूनमध्ये सेतूसमोर किती रांग असते ते सगळ्यांना माहीत आहे. दाखला हातात आला की उभ्या उभ्याच नाव आणि बारकोड तपासा. पोर्टलवर बारकोड टाकला की माहिती आपोआप येते, आणि दाखल्यावर नाव चुकलं असेल तर चुकलेलंच येतं.

पायरी ३ : आधार आणि बँक — खरी अडचण इथे आहे

ही पायरी सावकाश वाचा.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अर्ज मंजूर झाला होता. कॉलेजातल्या क्लार्कनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, तुझे पैसे गेलेत." मी गावच्या बँकेत पासबुक भरून घेतलं. शेवटची नोंद होती वडिलांनी भरलेल्या पाचशे रुपयांची. पुन्हा कॉलेजात गेले, पुन्हा बँकेत गेले. कॉलेजात सांगत की बँकेत विचार, आणि बँकेत सांगत की आमच्याकडे काही आलेलं नाही. सात महिने मी या दोन दारांत फिरत होते. मेसचं बिल थकलं म्हणून आईने शेळी विकली. ती शेळी कोणाची होती, किती दूध देत होती, हे मला आजही आठवतं.

पैसे खरोखरच आलेले होते, पण ते एका पेमेंट बँकेच्या खात्यात पडून होते. वर्षभरापूर्वी एका दुकानात सिमकार्ड घेताना मी यंत्रावर अंगठा ठेवला होता. त्याच अंगठ्यावर माझ्या नावाने ते खातं उघडलं गेलं होतं, आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

हे होतं कसं, ते समजून घ्या. शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे म्हणजे एनपीसीआयकडे असते. त्या नोंदवहीला मॅपर म्हणतात. एका आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं आणि ज्या बँकेने सगळ्यात शेवटी नोंद केली तिचंच नाव राहतं. तुमची पाच बँकांत खाती असोत आणि पाचही ठिकाणी आधारची झेरॉक्स दिलेली असो, पैसे त्या शेवटच्या बँकेतच जाणार.

म्हणून 'आधार लिंक आहे' या उत्तरावर कधीही विसंबू नका. हे वाक्य मी निदान दोनशे वेळा ऐकलं असेल. बँकेतला माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या पडद्यावर तुमच्या खात्याला आधार जोडलेलं दिसतं, ती केवायसीची, म्हणजे ओळख पटवण्यासाठीची, जोडणी असते. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, मॅपरमध्ये केलेली नोंद म्हणजे सीडिंग, आणि ती वेगळी असते. लिंक आहे पण सीडिंग नाही, अशी खाती भरपूर सापडतात.

स्वतः तपासा, दोन मिनिटं लागतात. माय आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून ओटीपीने लॉग-इन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव दिसेल, स्थिती ॲक्टिव्ह आहे की नाही ते दिसेल आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसेल. खाते क्रमांक मात्र दिसत नाही. एकाच बँकेत तुमची दोन खाती असतील तर नोंद कोणत्या खात्याची आहे ते शाखेतच विचारावं लागतं. आधारला जोडलेला मोबाइल बंद पडला असेल तर ओटीपीच येणार नाही, मग आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला. हा नंबर वडिलांचा किंवा मामाचा नको, तुमचा स्वतःचा असू द्या. पुढे प्रत्येक टप्प्यावर ओटीपी लागतो आणि मामा त्या वेळी ऊसतोडीला गेलेला असतो.

बँक चुकीची निघाली, तर ज्या बँकेत पैसे हवेत त्या शाखेत जा आणि "आधार लिंक करून द्या" असं म्हणू नका. "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचंय, संमतीचा फॉर्म द्या" असं म्हणा. त्या फॉर्मवर आधीच्या बँकेकडून या बँकेकडे बदल करण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण करा आणि आधीच्या बँकेचं नाव लिहा. हा रकाना रिकामा ठेवल्यामुळे फॉर्म पडून राहिलेले मी पाहिलेत. फॉर्मच्या झेरॉक्सवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. चार-पाच दिवसांनी पुन्हा माय आधारवर पाहा. नवीन नाव ॲक्टिव्ह दिसेपर्यंत तुमचं काम झालेलं नाही, मग काउंटरवर कोणी काहीही सांगो.

खातं कसलं आहे हेही बघा. पुरेशी कागदपत्रं न घेता उघडलेल्या 'स्मॉल अकाउंट'मध्ये एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. सरकारी अनुदानाला शिल्लकीची मर्यादा लागू नसली, तरी इंजिनीअरिंगच्या फीसारखी मोठी रक्कम अशा खात्यावर अडकू शकते. पूर्ण केवायसी करून साधं बचत खातं करून घ्या. शाळेत असताना उघडलेलं खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. तसं असेल तर शाखेत जाऊन केवायसी पुन्हा करा आणि ते जागं करून घ्या. आणि खातं एकट्याच्या नावावर हवं. वडिलांचं नाव आधी आणि तुमचं मागे, अशा संयुक्त खात्याच्या भानगडीत पडू नका.

एकदा सगळं जुळलं की शिष्यवृत्ती येईपर्यंत कुठेही नवीन खातं उघडू नका. कॅशबॅकसाठी नाही, सिमकार्डासोबत नाही, कॉलेजच्या गेटवर टेबल मांडून बसलेल्यांकडे तर अजिबात नाही. कोणी यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितलं तर कशासाठी ते आधी विचारा.

पायरी ४ : अर्ज भरा

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक, तिन्हीकडे नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आहे ना ते पाहा. एकीकडे 'आय' आणि दुसरीकडे 'डबल ई' असेल तर आधी ते दुरुस्त करा. बाकी अर्ज सोपा आहे. तो स्वतः भरा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. नेट कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकून भरलेले अर्ज सोडवताना माझे सगळ्यात जास्त तास गेलेत. मुदतवाढ बहुतेक वेळा मिळते, तिच्या भरवशावर राहू नका. पोर्टल शेवटच्या आठवड्यातच अडकतं.

पायरी ५ : अर्जाच्या मागे राहा

अर्ज आधी कॉलेजकडे जातो, तिथून विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे. दर सोमवारी लॉग-इन करून तो कुठे आहे ते पाहा. त्रुटी निघाली की अर्ज परत तुमच्याकडे पाठवला जातो. ती दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तो तिथेच मरतो. महिनाभर कॉलेजच्याच पातळीवर दिसत असेल तर विद्यार्थी विभागात जा, अर्ज क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या आणि शांतपणे तिथेच उभे राहा. फोनवर हे काम होत नाही.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी जमा होतात. एक हप्ता आला म्हणजे प्रकरण संपलं असं समजू नका. जमा झालेल्या रकमेत कॉलेजच्या फीचाही भाग असतो. तो घरखर्चात गेला तर परीक्षेच्या अर्जाच्या वेळी कॉलेज अडवतं आणि तेव्हा हातात पैसे नसतात. रक्कम आली त्याच आठवड्यात फी भरा आणि पावती घ्या.

महाडीबीटीच्या बाहेर

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दोन योजना नक्की पाहा. पहिली केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ४.५ लाख. तिची अट ८० टक्के गुणांची नाही, ८० पर्सेंटाइलची आहे. म्हणजे आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असायला हवं. कला शाखेतली ७२-७५ टक्केवाली मुलगी 'मला कुठे ऐंशी आहेत' म्हणून सोडून देते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. आधी बोर्डाचा कटऑफ बघा. दुसरी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती, तंत्रशिक्षणातल्या मुलींसाठी, वर्षाला ५०,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

खासगी संस्थांपैकी दोन-तीनच निवडा आणि त्यांचे अर्ज मन लावून भरा. 'प्रक्रिया शुल्क' मागणाऱ्या संस्थेचा अर्ज तिथेच बंद करा. पुण्यात शिकायला येणाऱ्या ग्रामीण मुलांनी विद्यार्थी सहाय्यक समितीकडे जरूर अर्ज करावा. १९५५ पासून तिथे राहून कितीतरी गरीब मुलं शिकली आहेत. विद्यापीठात किंवा कॉलेजात 'कमवा व शिका' असेल तर नाव नोंदवा. ग्रंथालयात रोज दोन-तीन तास काम केलं तर मेसचा बराच भार हलका होतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच वाटेने हजारो मुलं शिकवली.

कर्ज सगळ्यात शेवटी. घ्यावंच लागलं तर सावकाराकडे किंवा पतसंस्थेकडे जाण्याआधी पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर तुमचं कॉलेज यादीत आहे का ते पाहा. असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत न घेणाऱ्या घरातल्या मुलांना, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलतही मिळू शकते.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. तो भरण्याआधी माय आधारवर बँकेचं नाव आणखी एकदा पाहा. मी अजूनही दर जूनमध्ये गावातल्या मुलांना ओट्यावर बसवून एकेकाचा फोन हातात घेते, आणि गेल्या वर्षी बरोबर असलेल्यांपैकी दोघा-तिघांची बँक बदललेली निघतेच.